सारखीच हिट, एकाला २५ मॅच आणि दुसऱ्याला नुसता दंड: आइस हॉकीत शिक्षा कशावर ठरते?

मिसिसागाचा_नाशिककर

नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, गेली १२ वर्षं मिसिसागात. पोरगा १४ वर्षांचा आहे, डिफेन्सला खेळतो आणि ह्या सीझनपासून त्यांच्या लेव्हलला बॉडीचेकिंग (अंगाने धडक देणं) सुरू झालंय, त्याच्या आधी हॉकी कॅनडाच्या नियमाने बंदच असतं. मागच्या महिन्यात एका मॅचला तो कोपऱ्यात बोर्डकडे (रिंकभोवतीच्या भिंतीकडे) तोंड करून पक (खेळायची रबरी चकती) काढत होता आणि समोरच्या टीमच्या पोराने मागून सरळ पाठीत धडक घातली. इथे बऱ्याच पोरांच्या जर्सीवर मागे लाल अष्टकोनी स्टॉपचं चिन्ह शिवलेलं असतं, मागून मारू नकोस हे समोरच्याला दिसावं म्हणून. ते चिन्ह मला वर स्टँडमधून स्वच्छ दिसत होतं आणि तरी ती धडक झाली.

पोरगा लगेच उठला, बेंचवर जाऊन बसला, मला हात पण दाखवला. रात्री घरी आल्यावर डोकं दुखायला लागलं, किचनमधला ट्यूबलाइट सहन होईना, जेवण तसंच टाकलं. डॉक्टर म्हणाले कन्कशन, मेंदूला हादरा. तीन आठवडे अर्धी शाळा, फोन बंद, टीव्ही बंद. आता बरा आहे. त्या दुसऱ्या पोराला २ मॅचची शिक्षा झाली आणि ते कळल्यावर आमचा मला विचारतो, "बाबा, मी पटकन उठलो नसतो, तसाच पडून राहिलो असतो, तर त्याला जास्त मॅच बसल्या असत्या का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण तो टीव्हीवर जे एनएचएल, म्हंजे इथली मोठी व्यावसायिक लीग, बघतो त्यात अगदी हेच चालतं.

२०१२ चे प्लेऑफ (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्या) आठवतायत का कुणाला? शे वेबरने झेटरबर्गचं डोकं हाताने धरून काचेवर आपटलं, हेल्मेटला तडा गेला. शिक्षा काय, तर २,५०० डॉलर दंड, एकही मॅच नाही, आणि लीगने तेव्हा सांगितलं की झेटरबर्गला दुखापत दिसत नाहीये, तो पुढची मॅच खेळेल. त्यानंतर आठवडाही झाला नाही तर राफी टोरेसने मारियन होसाला उडवलं, होसाला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, टोरेसला २५ मॅच, नंतर अपीलमध्ये २१ झाल्या. टोरेसचा आधीचा रेकॉर्ड वाईट होता हे मला मान्य आहे आणि त्याला जे मिळालं ते योग्यच होतं. पण माणसाचं डोकं मुठीत धरून काचेवर आपटायचं ह्यात खेळ कुठे आहे? तिथे तर पकचा संबंधच नव्हता. झेटरबर्गच्या मानेला काही झालं असतं तर वेबरला किती मिळाल्या असत्या? म्हंजे शिक्षा वेबरने काय केलं ह्याची नव्हतीच, झेटरबर्गचं नशीब कसं होतं त्याची होती.

मी लीफ्सवाला (टोरोंटोच्या टीमचा फॅन) आहे हे आधीच सांगून टाकतो, त्यामुळे बेनेट आणि स्टोलार्झचं प्रकरण मला जास्त लागलंय, मे २०२५, पहिली मॅच. फ्लोरिडाच्या बेनेटचं कोपर स्टोलार्झच्या डोक्याला लागलं, आमचा हा गोलकीपर बेंचवर ओकताना सगळ्यांनी टीव्हीवर बघितला, बेनेटला पेनल्टी नाही, हिअरिंग नाही, काही नाही. ती सिरीज आम्ही सातव्या मॅचला हरलो आणि बेनेट पुढे प्लेऑफचा बेस्ट प्लेयर ठरला.

तर प्रश्न असा, शिक्षा कृतीवर ठरवावी की दुखापतीवर? आणि कृतीवरच ठरवायची असेल तर दर वेळी वेगळं माप का लागतं? ज्यांनी हा खेळ जवळून बघितलाय, खेळवलाय, त्यांनी प्लीज सांगा. पोराला नीट उत्तर द्यायचंय.

---

विनिपेगची_सायली

दादा, आधी पोरगा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. कन्कशननंतर घाई करू नका, डॉक्टरांनी हो म्हटलं तरी पहिले दोन आठवडे लक्ष ठेवा. ओंटारियोत तर रोवनचा कायदाच आहे त्यासाठी. १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये रग्बी खेळताना थोड्या दिवसांत परत परत डोक्याला मार लागून गेली, तिच्या नावाने २०१८ ला तो कायदा झाला.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही जेट्सवाले, विनिपेगच्या टीमचे, त्यामुळे आमच्या घरातला दुखरा विषय म्हणजे शायफली. जून २०२१, मॉन्ट्रियलविरुद्ध पहिली मॅच, शेवटचं मिनिट, आमचा गोलकीपर जादा खेळाडू आणायला बाहेर काढलेला, जेक एव्हान्स जाळीमागून वळसा घालून मोकळ्या जाळीत गोल टाकतोय आणि शायफली अख्खा रिंक ओलांडून सुसाट येऊन त्याच्यावर आदळला. एव्हान्स तिथेच निपचित. स्ट्रेचर आलं तेव्हा माझ्या सासूबाई, ज्यांना हॉकीतलं काही कळत नाही, देवापाशी जाऊन बसल्या. शायफलीला ४ मॅच मिळाल्या. आमच्याकडे सगळे ओरडत होते की त्याचा आधीचा रेकॉर्ड स्वच्छ आहे, तो गोल वाचवायला धावला होता, ४ खूप झाल्या. मला तेव्हाही त्या कमी वाटल्या होत्या आणि आजही वाटतात. आमची टीम चार मॅचमध्येच बाहेर पडली, त्यामुळे तीन तिथे बसला आणि एक पुढच्या सीझनला.

मला म्हणायचंय ते हे की दुखापत मोजू नका असं म्हणणं सोपं आहे, पण ज्याचं लेकरू बर्फावर पडलंय त्याला विचारा. आपल्याकडेसुद्धा गाडी हयगयीने चालवून कुणाला नुसतं खरचटलं आणि कुणी मेलं तर कलम वेगळं लागतंच ना? परिणामाचं वजन शून्य कसं करणार? माझ्या मते खालची मर्यादा कृतीवर ठरवावी, म्हणजे मागून मारलं की इतक्या मॅच बसणारच, समोरचा उठो न उठो, आणि दुखापत झाली तर त्याच्यावर वाढवावं. आज काय होतंय की दुखापत नसली की खालची मर्यादाच गायब होते. तुमच्या वेबरच्या उदाहरणात मला चूक दिसते ती ही.

---

पट्टेवाला_शर्ट

कॅल्गरी. ९ वर्षं पोरांच्या मॅचला रेफ्री होतो, गुडघा गेल्यावर सोडलं. दोन गोष्टी सांगतो ज्या टीव्हीसमोर बसून लक्षात येत नाहीत.

पहिली, लीगमध्ये पद्धत कशी आहे ते. २०११ पासून प्लेयर सेफ्टीचं वेगळं डिपार्टमेंट आहे, आधी शानाहान होते, मग किंताल, २०१७ पासून जॉर्ज पॅरोस. न्यूयॉर्कमध्ये बसून प्रत्येक मॅच बघतात, संशयास्पद हिटचे सगळे अँगल काढतात, खेळाडूला हिअरिंगला बोलवतात. फोनवर हिअरिंग असेल तर जास्तीत जास्त ५ मॅच देता येतात. ६ किंवा वर जायचं असेल तर समोरासमोर बसून म्हणणं मांडायची ऑफर द्यावीच लागते. म्हंजे हिअरिंग कुठल्या प्रकारची हे जाहीर झालं की अर्धा निकाल तिथेच कळतो. त्याच्यावर अपील कमिशनर बेटमनकडे, आणि ६ मॅच किंवा जास्त असतील तर पुढे तटस्थ लवादाकडे. टॉम विल्सनला २०१८ ला सुंडक्विस्टच्या हिटबद्दल २० मॅच दिल्या होत्या, त्या आधीच्या १०५ मॅचमधलं त्याचं ते चौथं सस्पेन्शन. बेटमननी २० कायम ठेवल्या, लवाद श्याम दास यांनी १४ वर आणल्या. तोपर्यंत त्याच्या १६ बसून झाल्या होत्या. म्हंजे एकाच हिटचं एकाच लीगमध्ये दोन पायऱ्यांवर वेगळं माप लागलं, आणि दोन्हीकडे कायदा कळणारी माणसं होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बऱ्याचदा निकाल उलटसुलट वाटतो पण गोची नियमातच असते. ४८ नंबरचा नियम म्हणतो की डोकं हाच धडकेचा मुख्य बिंदू असला पाहिजे आणि ती धडक टाळता येण्यासारखी असली पाहिजे. दोन्ही लागतात. आता जुझार खैराची हिट आठवा, डिसेंबर २०२१, शिकागो. आपला पंजाबी पोरगा, सरीचा, आधी एडमंटनला खेळायचा त्यामुळे अल्बर्टात त्याला सगळे ओळखतात. पक पायात आला म्हणून त्याने मान खाली घातली आणि ट्रुबा समोरून आला. खैरा जागच्या जागी बेशुद्ध, स्ट्रेचर. ट्रुबाला त्या हिटची पेनल्टी नाही आणि नंतर सस्पेन्शनही नाही. माझ्याबरोबर मॅच बघणारे तीन पंजाबी मित्र होते, एक जण उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी ती क्लिप वीस वेळा तरी बघितली असेल, आणि रेफ्री म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, ती हिट लिहिलेल्या नियमात बसते, खांदा आत, पाय बर्फावर, छातीतून गेलेली. पण बाप म्हणून बघितलं तर समोरचा खाली बघतोय, त्याला मी दिसत नाहीये, हे ट्रुबाला दिसत होतं. तिथे हळू होता आलं असतं. नियम त्याला हळू व्हायला सांगत नाही. खाली बघणाऱ्याने वर बघावं असं सांगतो. हा नियम बदलेपर्यंत पॅरोसच्या खुर्चीत कुणालाही बसवा, खैरासारख्या केसमध्ये निकाल तोच येणार.

आणि बेनेटबद्दल, रागावू नका, त्याच मॅचमध्ये त्याच्या आधी स्टोलार्झच्या मास्कवर राइनहार्टचा शॉट बसला होता, मास्क उडाला होता. कशाने किती झालं हे कुणी सांगू शकत नाही. पण तुमच्याच नियमाने जायचं तर ते बघायचंच नाही, नुसतं कोपर बघायचं. आणि गोलकीपरच्या डोक्यावरून जाताना ते कोपर तिथे असायचं काही कारण नव्हतं. निदान हिअरिंग व्हायला हवी होती.

---

जुना_खेळाडू_७७

मी लहानपणापासून इथे वाढलोय, वडील १९७४ ला आले. तुमच्या पोराला लागलं ते वाईटच, मागून मारणं हे कुणीच खपवून घेत नाही. पण समोरासमोरची हिट काढून टाकाल तर हा खेळ उरणार नाही. जोरदार हिटसाठी प्रसिद्ध स्कॉट स्टीव्हन्सला बघत आम्ही मोठे झालो, मान खाली घालून मधून जायचं नाही हे आम्हाला कोचने पहिल्या वर्षी शिकवलं. खेळाडूवर पण जबाबदारी असते. सगळं लीगवर ढकलू नका एवढंच.

---

चार्ल्स_नदीकाठी

@जुना_खेळाडू_७७, काका, स्टीव्हन्सच्या हिटनी लिंड्रोसचं काय झालं तेही बघत मोठे झालो आपण. २००० ला ती हिट बसली तेव्हा तो कितव्यांदा तरी कन्कशनमधून उठून परत आलेला होता आणि त्यानंतर तो पूर्वीसारखा कधी खेळलाच नाही.

मी बॉस्टनमध्ये असते. माझ्यासाठी हा सगळा विषय मार्क सव्हार्ड ह्या एका माणसापाशी सुरू होतो. ७ मार्च २०१०, पिट्सबर्ग, सव्हार्डने शॉट मारून झालेला आणि बाजूने मॅट कुक आला, खांदा थेट डोक्यात. पेनल्टी नाही. सस्पेन्शन नाही, कारण तेव्हाच्या नियमात ती हिट बसत होती. त्याच्या काही महिने आधी माइक रिचर्ड्सने डेव्हिड बूथला तशीच मारली होती, तिथेही सस्पेन्शन नाही, त्यामुळे लीग म्हणाली की आम्ही सुसंगत आहोत. हे मला तेव्हापासून खुपतंय. आपण सगळे कन्सिस्टन्सी मागतो ना, ती त्या दिवशी मिळाली होती! दोघांनाही शून्य मॅच. सव्हार्ड त्या हिटनंतर परत आला, जानेवारी २०११ मध्ये पुन्हा डोक्याला लागलं आणि तिथेच त्याचं करिअर संपलं, वय ३३. त्यामुळे नुसतं सारखं माप पुरत नाही, ते पुरेसं जड पण पाहिजे.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू, जी कुणी सांगत नाही. त्याच कुकला मार्च २०११ मध्ये मॅकडोनाच्या डोक्यावर कोपर मारल्याबद्दल रेग्युलर सीझनच्या उरलेल्या १० मॅच आणि वर प्लेऑफची अख्खी पहिली फेरी बसवलं. त्याच्या स्वतःच्या टीमनेही पाठराखण केली नाही. आणि पुढच्या सीझनला हा माणूस बदलला, अख्ख्या वर्षात ४४ पेनल्टी मिनिटं (मॅचमध्ये शिक्षा म्हणून मिळालेली मिनिटं). त्याच्यासारख्या खेळाडूला ४४! मी त्याचा तिरस्कार करायचे, पण तो बदल मी डोळ्यांनी बघितलाय. २०१४ ला पुन्हा घसरला, टायसन बॅरीच्या गुडघ्यावर गुडघा घातला, ७ मॅच, तेही खरं. पण मधली तीन वर्षं तर मिळाली ना. ज्यांच्या डोक्याला त्या तीन वर्षांत लागलं नाही ती माणसं कोण हे कधीच कळणार नाही.

आमच्या ब्रुइन्सचं, म्हणजे बॉस्टनच्या टीमचं, पण सांगायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. मार्च २०११, चाराने पॅचिओरेटीला मॉन्ट्रियलच्या रिंकमध्ये काचेच्या खांबावर नेऊन आदळलं, मणक्याचं हाड मोडलं, कन्कशन, आणि चाराला एकही मॅच नाही. एअर कॅनडाने स्पॉन्सरशिप काढून घेऊ म्हणून पत्र पाठवलं, मॉन्ट्रियल पोलिसांनी चौकशी केली, पुढे काही झालं नाही. आमच्या इथे सगळे म्हणत होते अपघात होता, मीही म्हणत होते. आज ती क्लिप बघितली की पोटात गोळा येतो. आणि मार्शंडला तर आठ वेळा सस्पेंड केलंय, तो आमचा लाडका होता म्हणून प्रत्येक वेळी आम्ही लीगला शिव्या घातल्या. फॅन म्हणून आपलं माप पण सारखं नसतं.

---

कोथरूडचा_रग्बीवेडा

हॉकी मी कमी बघतो, रग्बी खूप, म्हणून वेगळ्या कोनातून. वर्ल्ड रग्बीकडे शिक्षेचा तक्ताच आहे. धोकादायक उंच टॅकल असेल तर खालची पायरी २ आठवडे, मधली ६, वरची १० पासून पुढे, आणि टॅकल डोक्याला लागला की कमीत कमी मधली पायरी, म्हणजे सुरुवातच ६ आठवड्यांपासून. मग चूक कबूल केली, रेकॉर्ड स्वच्छ आहे वगैरे असेल तर जास्तीत जास्त निम्मी सूट. सायलीताई म्हणतायत ती खालची मर्यादा म्हणजे साधारण हेच. समोरचा उठून खेळला का हा प्रश्न सुरुवातीला येतच नाही.

पण तक्ता असला की सगळं सरळ होतं असंही नाही हां. ऑगस्ट २०२३, वर्ल्डकपच्या तोंडावर, ओवेन फॅरेलने वेल्सच्या खेळाडूच्या डोक्यात खांदा घातला. मैदानावर यलो, मग बंकरमधून (मैदानाबाहेर व्हिडिओ तपासणाऱ्या रेफ्रीकडून) बघून रेड, मग शिस्तपालन समितीने रेड रद्द केलं, मग वर्ल्ड रग्बीने स्वतःच अपील केलं आणि शेवटी ४ मॅच. तेव्हा केवढा गोंधळ झाला होता. फरक एवढाच की तिथे चूक झाली तर लेखी निकाल असतो, कुठल्या मुद्द्यावर चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून तर अपील टिकलं. हॉकीत सस्पेन्शन झालं तर लीग व्हिडिओ काढून समजावते, पण ज्या हिटला काहीच दिलं नाही तिथे बहुतेक वेळा कुणी काही बोलतच नाही, बरोबर ना? मग लोकांनी तुलना कशाशी करायची?

---

विनिपेगची_सायली

@कोथरूडचा_रग्बीवेडा अगदी अगदी. मलाही हेच हवंय. ज्यांना सोडलं त्यांचे व्हिडिओ काढा. का सोडलं ते बोला.

---

मिसिसागाचा_नाशिककर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं मी पोराला वाचून दाखवलं, खैराच्या ठिकाणी थांबून त्याने ती क्लिप बघायची का विचारलं, मी नको म्हटलं.

सायलीताई, तुमचा मुद्दा पटला. दुखापतीचं वजन शून्य करता येणार नाही. मी रागात तसं लिहिलं होतं.

दोन गोष्टी अजून डोक्यात आहेत. एक, पॅरोसवर लोक टीका करतात की तो स्वतः मारामारी करणारा खेळाडू होता, त्याला काय कळणार. मला तसं वाटत नाही. २०१३ ला मॉन्ट्रियलमध्ये कोल्टन ऑरशी मारामारी करताना तो तोंडावर बर्फावर पडला आणि स्ट्रेचरवरून गेला, त्याला कन्कशन काय असतं ते पुस्तकातून शिकायची गरज नाही. माझी तक्रार हातात काय दिलंय ह्याबद्दल आहे. मे २०२१ मध्ये विल्सनने न्यूयॉर्क रेंजर्सच्या पालथ्या पडलेल्या बुचनेविचला मानेपाशी ठोसा मारला, पनारिनला बर्फावर आपटलं, पनारिनचा सीझन तिथे संपला, आणि विल्सनला ५,००० डॉलर दंड. कोट्यवधी कमावणाऱ्या माणसाला ५,००० डॉलर. रेंजर्सनी पॅरोस ह्या कामाला लायक नाही असं पत्रक काढलं तर रेंजर्सनाच अडीच लाख डॉलर दंड. मारण्यापेक्षा बोलणं पन्नासपट महाग. आणि दोनच दिवसांनी त्याच दोन टीम परत भिडल्या तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या झाल्या, पक पडताक्षणीच सगळे ग्लोव्हज खाली. लीगने न्याय केला नाही की खेळाडू स्वतः करायला जातात, आणि मग अजून कुणाचं तरी डोकं फुटतं.

दुसरी गोष्ट खेळाडूंच्या युनियनची. सस्पेन्शन झालं की युनियन मारणाऱ्याच्या बाजूने अपीलला उभी राहते, त्याचा पगार जातो म्हणून. मार खाणारा पण त्याच युनियनचा मेंबर आहे ना? त्याच्या बाजूने त्या खोलीत कोण बसतं?

@पट्टेवाला_शर्ट दादा, एक विचारायचं होतं, पोरांच्या लीगमध्ये रेफ्रीने रिपोर्टमध्ये काय लिहिलं ह्यावर शिक्षा ठरते का? आमच्या मॅचच्या रेफ्रीने नेमकं काय लिहिलं हे मला माहीतच नाही.

---

पट्टेवाला_शर्ट

हो, बहुतेक सगळं त्याच्यावरच ठरतं. पोरांच्या मॅचला पाच अँगलचे कॅमेरे नसतात, त्यामुळे पेनल्टीचा कोड आणि रेफ्रीने लिहिलेल्या चार ओळी हेच काय ते. एक उघड सांगतो, मी स्वतः सुरुवातीची दोन-तीन वर्षं रिपोर्टमध्ये "खेळाडू स्वतः उठून बेंचवर गेला" असं लिहायचो. मला वाटायचं ती चांगली बातमी आहे, आईवडिलांना धीर येईल. एका सीनियर रेफ्रीने मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या एका ओळीने शिक्षा कमी होते, आणि तो उठला ते अंगात जोर होता म्हणून, डोक्याचं रात्री कळतं. तेव्हापासून मी फक्त अंतर, वेग, पाठ होती की खांदा, हात कुठे होते, एवढंच लिहायचो.

तुमच्या पोराला सांगा की त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर "हो, कदाचित जास्त मिळाल्या असत्या" असंच आहे. पण तरी उठायचं. पडून राहायचं नाही, फक्त उठल्यावर ट्रेनरला खरं सांगायचं, हात दाखवून बसायचं नाही.

टीम मॅनेजरकडे गेमशीट (मॅचच्या नोंदींचा कागद) मागा, ती मिळते. रिपोर्ट देतील की नाही हे लीगवर आहे, पण विचारा.

---

मिसिसागाचा_नाशिककर

मॅनेजरला आत्ताच मेल टाकली. पोराला तुमचं उत्तर दाखवलं. तो म्हणाला, मी हात दाखवला कारण तुम्ही वर उभे राहिला होतात आणि मला वाटलं तुम्ही घाबराल.

गेमशीट आली की इथे सांगतो.